ऑपरेटर शून्य सात

१

कामात अवघड असं काहीच नव्हतं. वस्तूसमोर उभं राहायचं, उजव्या हातातल्या टर्मिनलवर वस्तूचा प्रकार निवडायचा, नग किती ते टाकायचं आणि हिरवी कळ दाबायची. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला छोटा प्रिंटर कर्रर्र करून एक लेबल बाहेर टाकायचा. ते फाडायचं, मागचा कागद सोलायचा, वस्तूवर चिकटवायचं आणि अंगठ्याने एकदा दाबून फिरवायचं. मग पुढची वस्तू. दिवसाला तीनशे लेबलं सहज व्हायची.

आई विचारायची, "म्हणजे तू तिथे नक्की करतेस काय?"

"खुर्च्याटेबलांना नावं ठेवते," मी म्हणायचे.

"त्यासाठी खडकीपर्यंत कशाला जायला हवं? नारायण पेठेत बसूनही जमलं असतं."

२००३ सालचा डिसेंबर होता. खडकीच्या पुढे, रेल्वेरुळांच्या अंगाला पंपांचा एक कारखाना दोन वर्षांपासून बंद पडून होता. जागा विकली गेली होती. तिथे काचेची इमारत उभी राहणार आणि तीत संगणकवाले बसणार असं ठरलं होतं. त्याआधी आत काय काय शिल्लक आहे याची यादी कोर्टाला हवी होती, आणि ती करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. यादी वही-पेनाने नाही, तर बिनतारी यंत्रांनी करायची, याचं आमच्या साहेबांना फार कौतुक.

आम्ही तिघं होतो. मी, रुपाली, सव्वीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. उत्तरेश्वर, माझ्याच कंपनीतला, उस्मानाबादकडचा. तो फाटकाजवळच्या केबिनमध्ये जनरेटर लावून संगणकापुढे बसायचा. मी आत एक नोंद केली की ती हवेतून त्याच्या पडद्यावर उमटायची. आणि तिसरे शमशुद्दीनचाचा. कारखाना चालू असताना ते एकतीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. बंद पडल्यावर किल्ल्या त्यांच्याकडेच राहिल्या. साठी उलटली होती, तरी येरवड्याहून रोज सायकलवर यायचे.

प्रत्येक दालनाच्या कुलपावर कोर्टाचं लाखेचं सील होतं. चाचा ते माझ्यासमोर तोडायचे, रजिस्टरात वेळ टाकायचे, आम्ही दोघं सही करायचो आणि मगच दार उघडायचं. आत वीज नव्हती, म्हणून काम दहा ते पाच, खिडक्यांतून येईल तेवढ्या उजेडात. जनरेटरचा आवाज दोन भिंती ओलांडेपर्यंत ऐकू यायचा. तिसऱ्या भिंतीनंतर काहीच ऐकू येत नसे.

२

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही पॅटर्न शॉप उघडलं. पंपाचे भाग ओतण्यासाठी लागणारे लाकडी साचे तिथे ठेवलेले असत. लांबच लांब मांडण्या, त्यांवर लाल-पिवळे रंगवलेले साचे, आणि सगळ्यावर बोटभर धूळ. लाकडाचा जुना वास येत होता.

मांडण्या किती आहेत ते बघायला मी आधी शेवटपर्यंत चालत गेले. शेवटच्या मांडणीच्या उभ्या पट्टीवर एक लेबल होतं.

ते आमचंच होतं. तोच पांढरा कागद, वर दांड्या-दांड्यांचा बारकोड, खाली चार ओळी. क्रमांक १०१९. मांडणी, लाकडी, नग १. पॅटर्न शॉप. शेवटच्या ओळीत ऑपरेटर ०७, आजची तारीख, वेळ ११:५२.

ऑपरेटर ०७ म्हणजे मी. कंपनीत प्रत्येकाला आपला आकडा होता, आणि रोज सकाळी परवलीचा शब्द टाकल्याशिवाय टर्मिनल चालू होत नसे. मी टर्मिनलकडे पाहिलं. शेवटचं लेबल ९७६. घड्याळात ११:१४.

पहिल्यांदा भीती अशी वाटली नाही. वाटली ती चीड. यंत्रं विकणाऱ्याने चाचणीसाठी काढलेलं लेबल असेल, रोलच्या आत राहिलं असेल, माझ्या हाताला चिकटून इथवर आलं असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. चाचणीच्या लेबलावर पॅटर्न शॉप असं कसं येईल, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. लेबल सोलून डायरीत चिकटवलं आणि पहिल्या मांडणीपासून कामाला लागले.

काम करता करता मी विसरूनही गेले. साचे मोजायचे, कळ दाबायची, लेबल लावायचं. शेवटच्या मांडणीशी आले, कळ दाबली, लेबल फाडलं, लावलं, अंगठा फिरवला. मग वाचलं.

१०१९. ११:५२.

डायरी काढून दोन्ही लेबलं शेजारी धरली. मी डावखुरी आहे. प्रिंटर डाव्या बाजूला लावते आणि लेबल वर खेचून फाडते, त्यामुळे माझ्या लेबलाचा खालचा उजवा कोपरा नेहमी तिरका फाटतो. साहेब त्यावरून एकदा बोललेही होते. दोन्ही लेबलांचे कोपरे तसेच फाटलेले होते, एकावर एक ठेवले तर धागाभरही फरक नाही.

"काय झालं, मॅडम?" चाचांनी दारातून विचारलं.

मागे वळताना माझं लक्ष जमिनीकडे गेलं. धुळीत माझ्या चपलांचे ठसे होते आणि दाराशी चाचांच्या बुटांचे. आणखी कोणाचेही नव्हते.

३

जेवणाच्या सुट्टीत मी केबिनमध्ये जाऊन दुसरा संच तपासला. आमच्याकडे असे दोन होते. दुसरा अजून खोक्यात होता, बॅटरीवरची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

उत्तरेश्वर म्हणाला, "ताई, माझ्याकडं एक हजार एकोणीस एकदाच आलंय. अकरा बावन्नला. दुसरं काही दिसंना."

"मग आधीचं कुठून आलं?"

"कुणीतरी चेष्टा करत असंल."

चेष्टा करणार कोण? सीलबंद दालनात जाऊ शकेल असा एकच माणूस होता. हा विचार मला आवडला असं नाही, पण त्याने बरं वाटलं हे मात्र खरं. कोणीतरी किल्लीने दार उघडलं, हे मला समजण्यासारखं होतं.

चाचा बाहेर निंबाखाली डबा खात बसले होते. मी जाऊन विचारलं, "चाचा, पॅटर्न शॉप मधल्या काळात कधी उघडलं होतं का?"

"सील तुमच्यासमोर तोडलं, मॅडम."

"ते मी पाहिलं. पण दुसरी किल्ली कोणाकडे असेल?"

त्यांनी पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "एकतीस वर्षांत या कारखान्यातून एक नटसुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर गेला नाही. तुम्हाला जे वाटतं ते रजिस्टरात लिहा. मी खाली सही करतो."

"तसं नाही हो चाचा."

"लिहा मॅडम. कागदावर असलेलं बरं."

आणि मी लिहिलं. 'सील तोडल्यावर आत आधीपासून लेबल आढळले.' चाचांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि सही केली. मी त्यांच्यावर आरोप केला नव्हता, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. पण त्या ओळीचा दुसरा अर्थ काय होतो, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्यानंतर ते एकेका नियमाला धरून वागू लागले. सील तोडण्याआधी मला ते हाताने चाचपायला लावायचे. उघडलेलं दालन त्याच दिवशी पूर्ण झाल्याशिवाय घरी निघायचे नाहीत. दिवसाअखेर पुढची-मागची दोन्ही दारं स्वतः बघून यायचे. आधी दोन शब्द बोलायचे, घरच्या गोष्टी सांगायचे, त्या बंद झाल्या.

४

पाचव्या दिवशी जुनं स्टोअर. सील तोडून आत गेलो तेव्हा दहा चाळीस झाले होते. तिसऱ्या लोखंडी कपाटावर लेबल होतं. क्रमांक १२८४, ऑपरेटर ०७, वेळ ११:०५.

कालचं अडतीस मिनिटं पुढचं होतं. आजचं पंचवीस.

मी ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही. अकरा वाजायच्या आत काम थांबवलं. चाचांना म्हटलं, चहा घेऊन येऊ. स्टोअरला कुलूप लावून किल्ली त्यांनी खिशात टाकली, आणि आम्ही दोघं केबिनमध्ये आलो. टर्मिनल आणि प्रिंटर मी बंद करून उत्तरेश्वरच्या टेबलावर ठेवले, अगदी त्याच्या कोपराशी.

अकरा वाजून पाच मिनिटांनी संगणकाने नोंद आल्याची बारीक टिणटिण केली.

आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहिलं. १२८४. कपाट, लोखंडी, नग १. जुने स्टोअर. ऑपरेटर ०७.

टर्मिनल टेबलावर होतं. त्याचा पडदा काळा होता.

"आधीची अडकलेली नोंद असंल ताई," उत्तरेश्वर म्हणाला. "आत सिग्नल मिळत नाही, मग मशीन साठवून ठेवतं आन् नंतर पाठवतं. तसं होतं कधी कधी."

हे खरंच होतं. तसं व्हायचं. मी हो म्हटलं. चाचांनी चहाचा कप अर्धाच ठेवला होता.

परत जाऊन कुलूप उघडलं. कपाटावरचं लेबल मी सकाळीच सोलून डायरीत ठेवलं होतं. त्याच जागी दुसरं लावलेलं होतं, सरळ, एकही सुरकुती नाही, अंगठ्याने दाबून फिरवलेलं. मी त्यावर बोट ठेवलं. असं लेबल प्रिंटरमधून निघतं तेव्हा उष्ण असतं, आणि थंड व्हायला फार तर मिनिटभर लागतं. ते कोमट होतं.

तेव्हा अकरा वीस झाले होते.

त्या दिवशी घरी गेल्यावर साहेबांना फोन करून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण सांगणार काय? यंत्र भलतंच छापतं असं म्हटलं तर ते दुसरा संच वापर म्हणाले असते. दालनात कोणीतरी आहे म्हटलं तर चाचांची किल्ली गेली असती आणि मागोमाग चौकशी आली असती. फोन केला नाही. एकच दिवस उरला होता. ड्रॉइंग ऑफिस आणि टेस्टिंग, एवढंच.

५

ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायची तिरकी टेबलं होती, चौतीस. त्यांपैकी कशावरही आधीचं लेबल नव्हतं. दुपारपर्यंत मला वाटू लागलं की संपलं. उन्हं खिडकीतून आत आली होती, आणि मी चाचांशी बोलायचा प्रयत्नही केला.

"उद्यापासून काय करणार, चाचा?"

"किल्ल्या जमा करायच्या. मग घरी." हातातला जुडगा खुळखुळवत म्हणाले, "नसीमबानू म्हणते, दोन वर्षं रिकाम्या कारखान्याची राखण केलीत, आता जरा माझ्याशी बोला."

नसीमबानू म्हणजे त्यांची बायको. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच घरचं काही बोलले होते. मी हसले, तेही थोडे हसले.

पावणेचारच्या सुमारास तो आवाज आला.

ड्रॉइंग ऑफिस आणि टेस्टिंगचं दालन यांच्यामध्ये विटांची एकच भिंत होती. मी एका टेबलाशी वाकले होते, कळ अजून दाबलेली नव्हती. भिंतीपलीकडे कर्रर्र झालं. मग कागद फाटल्याचा लहानसा आवाज. मग थोडी शांतता, म्हणजे सोलायला, लावायला आणि अंगठा फिरवायला लागते तेवढी. मग दोन पावलं. पुन्हा कर्रर्र.

मी ऐकत राहिले. ती लय माझी होती. मी लेबल लावल्यावर दोनच पावलं टाकते, तिसऱ्याला थांबते. हे मला तोवर माहीत नव्हतं. ऐकताना कळलं.

"उंदीर असतील," चाचा म्हणाले. त्यांनीही ऐकलं होतं.

उरलेल्या टेबलांची लेबलं मी कशी लावली ते आठवत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही टेस्टिंगच्या दारापुढच्या बोळात उभे होतो. तयार झालेले पंप पाण्याच्या मोठ्या हौदावर चालवून बघत, ते हे दालन. सील शाबूत होतं. चाचांनी मला ते चाचपायला लावलं, मग तोडलं, आणि कुलपात किल्ली घालायला माझ्याकडे पाठ करून वाकले.

त्यांच्या राखाडी स्वेटरवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक लेबल होतं.

वाचायला मला पुढे व्हावं लागलं. क्रमांक १५३०. प्रकार: इतर. नग १. टेस्टिंग. ऑपरेटर ०७. वेळ ४:२०.

मनगटावर ४:११ झाले होते.

मी ते अलगद सोलून काढलं आणि मुठीत धरलं. लोकरीचे दोन-चार धागे त्याला चिकटून आले. चाचांना कळलं नाही.

"चाचा, हे उद्या करू," मी म्हटलं.

"का?"

"उजेड कमी झालाय."

"पाच वाजेपर्यंत पुरतो रोज." दार करकरत उघडलं. "सील तोडलंय मॅडम. वेळ टाकली, सह्या झाल्या. आता अर्धवट सोडून गेलो तर उद्या काय लिहिणार तुम्ही? आधीच एक ओळ आहे माझ्या नावावर."

"ती ओळ मी खोडते."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही," ते म्हणाले. रागाने म्हणाले नाहीत, समजावल्यासारखं म्हणाले.

मूठ उघडून त्यांना लेबल दाखवायला हवं होतं. दाखवून म्हणणार काय, तेवढं मला सुचत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर असल्या गोष्टीवर माझा विश्वास आहे, हे त्या क्षणीही मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

"बरं, तुम्ही इथेच थांबा," चाचा म्हणाले. "मी मागचं दार बघून येतो. ते ठीक असलं तर उद्याचं उद्या बघू. तसं रजिस्टरात लिहू, खाली तुमची सही आणि माझी, दोघांची."

ते आत गेले.

६

मी उंबऱ्यावर उभी राहिले. दालन लांब होतं, आगगाडीचे तीन डबे मावतील एवढं. छतात काचेची तावदानं होती, पण त्यांवर दोन पावसाळ्यांचा चिखल वाळलेला, त्यामुळे उजेड फक्त मधल्या पट्ट्यात पडत होता. डाव्या हाताला हौद होता, वर लोखंडी जाळ्या टाकलेल्या. जाळ्यांखाली काळं पाणी हलत नव्हतं. मांडून ठेवलेल्या पंपांवर, जवळच्या सगळ्या पंपांवर, पांढरी लेबलं होती.

चाचांचे बूट ऐकू येत होते, किल्ल्यांचा जुडगाही. ते उजेडाच्या पट्ट्यातून गेले, पलीकडच्या अंधारात शिरले. मागच्या दाराची कडी हलवून बघितल्याचा आवाज आला. दार बंदच होतं.

मग बूट परत यायला निघाले. चार-पाच पावलं आली आणि थांबली.

कर्रर्र.

मी कमरेकडे पाहिलं. माझा प्रिंटर गप्प होता. त्याचा हिरवा दिवा लागलेला, कागदाचं तोंड रिकामं. टर्मिनलच्या कोपऱ्यात ४:२० होते.

मान वर केली तेव्हा पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला, जिथे उजेड संपत होता तिथे, चाचा उभे होते. परतीची पावलं माझ्याच दिशेने येत होती, तरी आता माझ्याकडे पाठ होती. हात दोन्ही बाजूंना सरळ, मान थोडी खाली, शिंप्याकडे माप द्यायला माणूस उभा राहतो तसे. त्यांच्या मागे कोणीतरी वाकलं होतं. मरून स्वेटर, पाठीवर एक वेणी, कमरेला पट्टा. डावा हात चाचांच्या पाठीवर होता आणि अंगठा डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरत होता.

त्या दिवशी मी मरून स्वेटर घातला होता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. अंगठा फिरून झाला. वाकलेली ती सरळ झाली. पुढे दोन पावलं टाकली. तिसऱ्याला थांबली.

मी मागे सरले, भिंतीला धरून बोळ पार केला आणि ड्रॉइंग ऑफिसातून, अंगणातून धावत केबिनपर्यंत आले. उत्तरेश्वर दारातच उभा होता.

"ताई, शेवटची नोंद कसली टाकली? इतर, नग एक, एवढंच दिसायलंय."

साडेचारला आम्ही दोघं मोठा दिवा घेऊन परत गेलो. उत्तरेश्वरने आत जाऊन हाका मारल्या. त्याच्याच हाका परत आल्या. मागच्या दाराजवळ किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर नीट ठेवलेला होता, पडल्यासारखा नाही. मागचं दार बाहेरून सीलबंद होतं, आणि सील जसंच्या तसं होतं.

पोलिसांनी दोन दिवसांनी हौद उपसला. तळाशी गाळ निघाला, एक जुना पाना निघाला. बाकी काही नाही.

मी पोलिसांना सांगितलं की चाचा आत गेले आणि परत आले नाहीत. यात खोटं काही नव्हतं. त्यांनी रजिस्टर तपासलं. 'आढळले' ही माझी ओळ दोनदा वाचली आणि एकमेकांकडे पाहिलं. किल्लीवाला माणूस कशात तरी अडकलेला असणार आणि निसटला असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. कागदोपत्री ते तसंच राहिलं.

यादी कोर्टात गेली. एक हजार पाचशे तीस वस्तू. शेवटची ओळ पुसून टाक, असं साहेब म्हणाले होते. मी कळेवर बोट ठेवलं आणि उचललं. त्या इमारतीत शमशुद्दीनचाचा होते, याचा तेवढाच एक पुरावा होता.

७

पंधरा दिवसांनी मी येरवड्याला गेले. तुरुंगाच्या भिंतीच्या बाजूने एक रस्ता आत वळतो, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नसीमबानूंनी दार उघडलं. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "मशीनवाल्या मॅडम ना? ये बेटी, बस."

त्यांनी माझ्यासमोर पाणी ठेवलं. वयाने चाचांच्याच बरोबरीच्या, बारीक, डोक्यावरून पदर घेतलेल्या. रडून झालेलं दिसत होतं, आता त्या फक्त ऐकत होत्या. दार वाजलं नव्हतं तरी मधेच दाराकडे कान द्यायच्या.

"पोलीस म्हणतात, ते पळून गेले," त्या म्हणाल्या. "सायकल तिथेच ठेवून पळाले म्हणे. डबा पण."

"मला नाही तसं वाटत."

"रजिस्टरात तू काही लिहिलं होतंस?"

"हो."

"मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, पोरीने लिहिलं ते बरोबरच आहे, मी असतो तर मीही लिहिलं असतं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ते आत गेले तेव्हा तू दारात होतीस ना?"

"हो."

"तुला दिसत होते?"

मी पाण्याचा एक घोट घेतला. शेवटी म्हटलं, "थोडा वेळ. उजेड कमी होता."

"हाक मारलीस का?"

बाहेरच्या गल्लीत कोणीतरी नळाखाली भांडं ठेवलं, त्याचा आवाज आला. मी ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"मारली," मी म्हटलं. "दोनदा."

नसीमबानूंनी मान हलवली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत असं एकदाही झालं नाही, की मी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही. झोपेत असले तरी द्यायचे. तुलाही दिली असेल बेटी. तुला ऐकू आली नसेल."

त्या मला धीर देत होत्या. मी उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले. रस्त्याला लागेपर्यंत त्या दारात उभ्या असणार हे मला माहीत होतं, पण मी मागे पाहिलं नाही.

माणसं म्हणतात की अशा वेळी आवाज फुटत नाही, घसा कोरडा पडतो. माझा पडला नव्हता. हाक ओठांपर्यंत आली होती आणि मी दात मिटून ती आत धरली होती. ते हाकेच्या अंतरावरच उभे होते. मी चाचा म्हटलं असतं, तर त्यांनी ओ दिली असती, मागे वळून पाहिलं असतं, कदाचित चालत आलेही असते.

पण हाकेने एकटे चाचाच वळले नसते.